आडवाटेची पहिली खेळी

काशीस पंचगंगा घाटाच्या उंच पायऱ्या चढून आपण गल्लीत शिरलो, म्हणजे थोड्याच अंतरावर दूधविनायक नावाचा मोहल्ला लागतो. दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि हा दूधविनायक, एवढ्या टापूत महाराष्ट्रातून आलेली अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. गल्ली अशी, की समोरून सांड आला तर माणसाने मुकाट्याने एखाद्या ओट्यावर चढून त्याला वाट द्यावी. घरातील बोलणे मराठी; पण त्यात हिंदीचा सूर असा मिसळलेला, की पुण्याच्या माणसाने ऐकले तर क्षणभर थबकावे. माझ्या वडिलांचे चुलतबंधू याच मोहल्ल्यात राहतात. त्यांचे वय आता त्र्याऐंशी आहे, आणि आम्ही सारे त्यांना काका म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात सरकारी कामासाठी मला वाराणसीस जावे लागले, तेव्हा तीन रात्री मी काकांकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कचेरीतून परतलो, तो माजघरात एक चमत्कारिक दृश्य दिसले. काकांचा नातू काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकतो. त्याने आपल्या संगणकावर बुद्धिबळ खेळणारे दोन प्रोग्रॅम समोरासमोर आणून त्यांचा सामना लावला होता. पडद्यावर मोहरे आपोआप सरकत होते, आणि काका चष्मा पुसून पुसून ते पाहत होते. मला पाहताच ते म्हणाले, "ये, हे तुमचे नवे पंडित बघ. म्हणे, जगातल्या कोणत्याही माणसाला हरवतील. आणि यांची सुरुवात बघ! पांढऱ्याने पहिल्याच खेळीस राजाच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलले आहे. लहानपणी तू असे खेळला असतास, तर मी तुझा कान धरला असता."

नातू हसून म्हणाला, "आजोबा, ती खेळी त्यांनी नाही केली. मी त्यांना घालून दिली आहे."

"मग हे शहाणपण तुझे. पण का?"

काकांच्या या 'का'चे उत्तर द्यावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे. जी यंत्रे स्वतःच्या हिशेबाने उत्तम सुरुवात करू शकतात, त्यांना माणसाने मुद्दाम वाकडी, आडवळणाची सुरुवात का घालून द्यावी? प्रश्न खेळातला दिसतो. पण त्याच्या पोटात विद्या म्हणजे काय आणि तिची परीक्षा कशी घ्यावी, हा जुनाच प्रश्न दडलेला आहे.

प्रथम थोडे गणित पाहू. डावाच्या आरंभी पांढऱ्याला वीस खेळ्या उपलब्ध असतात: आठ प्याद्यांच्या सोळा आणि दोन घोड्यांच्या चार. काळ्यालाही तितक्याच. म्हणजे दोघांनी एकेक खेळी केली, की ४०० प्रकार झाले. दोघांच्या दोन दोन खेळ्या झाल्या, की हा आकडा १,९७,२८१ वर जातो. या अरण्यात शिरण्याच्या बहुतेक वाटा माणसाने गेल्या चारपाचशे वर्षांत चाचपून पाहिल्या. त्यांतील ज्या बऱ्या वाटल्या त्यांना नावे दिली, त्यांवर ग्रंथ लिहिले, आणि त्या पाठ करणे हा प्रत्येक होतकरू खेळाडूचा परिपाठ होऊन बसला. उरलेल्या वाटांना आडवाटा म्हणून सोडून दिले. काकांना ज्या खेळीचा राग आला, ती स्वित्झर्लंडच्या हेन्री ग्रोब या खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. ग्रोबने ती आयुष्यभर हौसेने खेळली. पण तिने राजाच्या बाजूचे कवाड आपल्याच हाताने उघडे पडते, म्हणून शहाणी माणसे तिच्या वाटेस जात नाहीत.

आता यंत्राकडे वळू. बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमची मुख्य कामे दोन. एक, पुढच्या शक्य खेळ्या व त्यांवरील प्रतिखेळ्या यांचा शोध घेणे. आणि दुसरे, त्या शोधाच्या टोकाशी जी स्थिती येईल तिचे मूल्य ठरवणे. हे दोन गुण म्हणजेच त्याची बुद्धी. परंतु आरंभीच्या काळात यंत्राची ही बुद्धी तोकडी होती. पुढे ज्या धोक्याचे फळ पंधरा खेळ्यांनी मिळणार, तो त्याला दिसत नसे. म्हणून त्याच्या निर्मात्यांनी त्याला तिसरी एक गोष्ट दिली. थोर खेळाडूंच्या डावांतून निवडलेल्या पहिल्या आठ-दहा, कधी वीस खेळ्यांचा संग्रह त्याच्या स्मरणात भरून ठेवला. त्या संग्रहात स्थिती सापडली, की यंत्राने विचार न करता उत्तर द्यावे. हे सरळसरळ पाठांतर होय.

काशीत पाठांतराची थोरवी कोणाला सांगायला नको. पदे पुढून आणि मागून गुंफून अस्खलित घनपाठ म्हणणारा वैदिक पाहिला, की मस्तक आपोआप लवते. परंतु त्याच काशीत शास्त्रार्थाचीही परंपरा आहे, आणि शास्त्रार्थात पाठ असलेला ग्रंथ पुरत नाही. प्रतिपक्षी असा एखादा प्रश्न टाकतो, की ज्याचे उत्तर कोणत्याही पोथीत तयार सापडत नाही. तेथे ज्याला ग्रंथ समजला आहे तो टिकतो आणि ज्याचा नुसता पाठ आहे तो गडबडतो. आडवाटेची पहिली खेळी हा असा पोथीबाहेरचा प्रश्न आहे.

ही युक्ती प्रथम माणसाने यंत्राविरुद्ध वापरली. स्कॉटलंडचे डेव्हिड लेव्ही यांनी १९६८ साली पैज लावली होती, की पुढील दहा वर्षांत कोणताही प्रोग्रॅम आपणांस सामन्यात हरवू शकणार नाही. पैजेची मुदत भरत आली तेव्हा, १९७८ साली, टोरांटो येथे त्यांचा त्या काळच्या अग्रगण्य अशा चेस ४.७ या प्रोग्रॅमशी सामना झाला. पाठ केलेल्या वाटांवरून यंत्राला लवकर खाली उतरवायचे, घाई करायची नाही, आणि ते आपण होऊन चुकेपर्यंत थांबायचे, असे लेव्ही यांचे धोरण होते. साडेतीन विरुद्ध दीड गुणांनी ते जिंकले. मात्र एका डावात त्यांनी लॅटव्हियन गॅम्बिट नावाची धाडसी सुरुवात करून यंत्राशी हातघाईची लढाई मांडली, आणि तोच एक डाव ते हरले. आडवाट धरली एवढ्याने काम भागत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

पुढे १९९७ साली जगज्जेते गॅरी कास्पारॉव्ह यांचा डीप ब्लू या संगणकाशी न्यूयॉर्क येथे सामना झाला. तिसऱ्या डावात कास्पारॉव्ह यांनी पहिल्या खेळीस वजिरापुढचे प्यादे फक्त एक घर सरकवले. एरवी जगज्जेता अशी सुरुवात करावयाचा नाही; पण यंत्राचा संग्रह पहिल्याच पावलास निकामी व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. तो डाव बरोबरीत सुटला. सहाव्या आणि निर्णायक डावात मात्र कास्पारॉव्ह परिपाठाच्या वाटेवर आले. यंत्राने आपला घोडा बळी दिला, आणि एकोणीस खेळ्यांत जगज्जेत्याने हार मानली. यंत्राला केवढी ही प्रतिभा, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. वस्तुतः घोड्याचे ते बलिदान त्याच्या आरंभसंग्रहात माणसांनी आधीच लिहून ठेवलेले होते. त्या क्षणी यंत्राने विचार केला नव्हता; त्याला उत्तर पाठ होते. त्या डावातील श्रेय किती स्मरणाचे आणि किती बुद्धीचे, हे वेगळे कसे करावे? येथून आपला मूळ प्रश्न सुरू होतो.

यंत्र आणि यंत्र यांचे सामने तसे जुने आहेत. १९६६-६७ साली अमेरिकेतील आणि मॉस्कोतील दोन प्रोग्रॅमांनी तारेने खेळ्या कळवून चार डावांचा सामना खेळला. मॉस्कोचा प्रोग्रॅम तीन विरुद्ध एक गुणांनी जिंकला. यंत्रे दुबळी होती तोपर्यंत अशा सामन्यांत हारजीत भरपूर होई, कारण दोघांच्याही चुका भरपूर होत. पण यंत्रे बलवान होत गेली, तसतशी एक विचित्र अडचण पुढे आली. डीपमाइंड या संस्थेच्या आल्फाझीरो या प्रोग्रॅमला खेळाचे केवळ नियम सांगितले होते. माणसाचा एकही डाव त्याला दाखवला नव्हता. स्वतःशीच खेळून तो जे शिकला तेवढ्या बळावर त्याने स्टॉकफिश या बलाढ्य प्रोग्रॅमशी हजार डावांचा सामना केला, आणि त्याचा वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. आल्फाझीरोने १५५ डाव जिंकले, ६ गमावले, आणि तब्बल ८३९ डाव बरोबरीत सुटले. त्यानंतरची यंत्रे तर याहूनही बलवान आहेत. मूळ मांडणीपासून त्यांना मोकळे सोडले, तर डावामागून डाव बरोबरीत सुटत राहतात. दोन मल्ल इतके तुल्यबळ आणि इतके सावध, की आखाड्यात हात धरून उभे राहण्यापलीकडे काहीच घडू नये, तशी ही अवस्था.

दुसरीही एक अडचण आहे. यंत्राचा हिशेब ठरावीक असतो. तेच दोन प्रोग्रॅम, तीच स्थिती आणि शोधाची तीच मर्यादा असेल, तर कालचाच डाव ते आज जसाच्या तसा पुन्हा खेळू शकतात. अशा हजार डावांवरून जे कळावयाचे ते एका डावावरूनच कळते.

या दोन्ही अडचणींवर तोडगा निघाला तो असा. पहिल्या काही खेळ्या माणसाने निवडाव्या, आणि त्या पटावर मांडून झाल्यावर यंत्रांनी पुढचा डाव आपल्या बुद्धीने खेळावा. प्रोग्रॅमांची जी मोठी अजिंक्यपद स्पर्धा २०१० पासून संगणकजालावर चालत आली आहे, तिच्या अंतिम सामन्यात शंभर डाव असतात. त्यांसाठी पन्नास सुरुवाती आधी निवडल्या जातात, आणि प्रत्येक सुरुवात दोनदा खेळवली जाते. हॉलंडचे येरून नूमेन यांनी अनेक वर्षे ही निवड केली. सुरुवात निवडायची ती मुद्दाम एका बाजूस झुकलेली असते. एका पक्षाला थोडे अवघड जावे, दुसऱ्याला थोडे सोपे, म्हणजे डाव बरोबरीकडे आपोआप घरंगळत नाही.

"पण हा अन्याय नव्हे का?" असे काकांनी विचारले, आणि कोणाही सरळ माणसाने ते विचारावे. एकाला चढाची बाजू द्यायची आणि दुसऱ्याला उताराची, मग जिंकल्याची किंमत काय?

येथेच या पद्धतीची खरी मेख आहे. तीच सुरुवात दोनदा खेळवायची आणि दुसऱ्या डावात बाजू बदलायच्या. पहिल्या डावात ज्याने पांढरे मोहरे घेतले, त्याने दुसऱ्यात काळे घ्यायचे. निकाल वाचायचा तो एका डावाचा नव्हे, जोडीचा. दोघांनीही आपापल्या सोप्या बाजूने डाव जिंकला, तर जोडी बरोबरीत. दोघांनीही अवघड बाजू सावरली आणि दोन्ही डाव अनिर्णित राहिले, तरी जोडी बरोबरीत. पण एकाने सोपी बाजू घेऊन जिंकले, आणि बाजू पालटल्यावर तीच अवघड स्थिती स्वतः मात्र सावरून धरली, तर त्या जोडीत तो दीड विरुद्ध अर्ध्या गुणाने श्रेष्ठ ठरला. आता त्याच्या विजयाबद्दल कोणी तक्रार करू शकत नाही, कारण जी अडचण त्याने प्रतिपक्षाला दिली, ती स्वतःही सोसून दाखवली.

झुकाव किती असावा, हेही नाजूक काम आहे. फार थोडा असेल तर दोन्ही डाव बरोबरीत सुटतील. फार असेल तर दोन्ही डाव सोपी बाजूच जिंकेल. दोन्ही परींनी आपण होतो तिथेच. ज्यांनी कधी परीक्षेची प्रश्नपत्रिका काढली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. सर्वांना शंभर गुण मिळतील अशी पत्रिका आणि सर्वांना शून्य मिळेल अशी पत्रिका, दोन्ही सारख्याच निरुपयोगी. मधली जागा शोधण्यातच परीक्षकाचे कौशल्य. योगायोगाने यंत्रांनीच त्या जागेचे माप दिले आहे. यंत्र प्रत्येक स्थितीला एक आकडा देते. पूर्वी तो प्याद्यांच्या हिशेबात असे: एक म्हणजे एका प्याद्याइतकी सरशी. २०२२ च्या अखेरीपासून स्टॉकफिशने या आकड्याचा अर्थ संभवाशी जोडला. एक म्हणजे, दोन तुल्यबळ यंत्रे खेळत असता, त्या बाजूस जिंकण्याची शक्यता निम्मी. जिंकणे आणि बरोबरी यांच्या ऐन उंबरठ्यावर उभी असलेली ही स्थिती परीक्षेला उत्तम, कारण तेथे एक बारीकशी चूक किंवा एक बारीकशी सूझ निकाल पालटून टाकते.

आज स्टॉकफिशमध्ये कोणतीही सुधारणा सुचली, तर नवी आणि जुनी आवृत्ती यांचे हजारो झटपट डाव अशाच झुकत्या सुरुवातींवरून खेळवले जातात, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली तरच ती सुधारणा स्वीकारली जाते. या झुकत्या सुरुवाती बहुतांशी माणसांच्या खऱ्या डावांतून वेचलेल्या असतात. शिष्टांनी टाकून दिलेल्या, नवशिक्यांनी चुकून खेळलेल्या, विक्षिप्तांनी हट्टाने जोपासलेल्या असल्या खेळ्यांनाही त्यांत जागा मिळते. जे विद्येच्या दारातून बाहेर काढले होते, तेच विद्येची परीक्षा घ्यायला उपयोगी पडले.

हे ऐकून मला आपल्याच इतिहासाची आठवण झाली, आणि तीही काशीतच व्हावी हे योग्य होते. पैठणहून सोळाव्या शतकात काशीस येऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यात नीलकंठभट्ट नावाचे मोठे धर्मशास्त्री होऊन गेले. ज्या गागाभट्टांनी १६७४ मध्ये शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला, त्यांच्या वडिलांचे हे चुलतबंधू. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी भगवंतभास्कर हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यातील व्यवहारमयूख मुंबई इलाख्यातील न्यायालयांत हिंदू कायद्याचा प्रमाणग्रंथ म्हणून मानला गेला, हे कायद्याशी संबंध आलेल्यांना ठाऊक असेल. पण त्याच ग्रंथातील राजनीतीवरच्या नीतिमयूखात नीलकंठांनी बुद्धिबळाचेही नियम सांगितले आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. वादी आणि प्रतिवादी दोघांचेही म्हणणे ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, हे ज्या शास्त्राचे मूळ, त्याचा पंडित पटावरच्या दोन पक्षांचाही विचार करीत होता.

आपला देशी खेळ आजच्या आंतरराष्ट्रीय खेळाहून थोडा निराळा होता. प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. अशा खेळावर पोसलेला खेळाडू युरोपीय नियमांनी खेळू लागला तरी सवय सुटत नसे. तो पटाचा मध्य लगेच काबीज करीत नसे. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून त्या मोकळ्या घरात उंट बसवी, आणि दुरून, तिरक्या रेषेने मध्यावर डोळा ठेवी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराशी महेशचंद्र बॅनर्जी याच पद्धतीने खेळत. तत्कालीन युरोपीय शास्त्राच्या दृष्टीने ही सारी आडवाटच होती. त्या दोघांच्या १८५५ च्या मे महिन्यातील एका डावात काळ्याने ज्या तीन खेळ्या केल्या, त्याच पुढे १९२२ साली व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डने थोर खेळाडूंविरुद्ध वापरल्या, आणि तो बचाव त्याच्या नावाने जगभर मान्य झाला. या कुळातल्या बचावांना 'इंडियन' हे नाव मिळाले, ते आजतागायत टिकून आहे. महेशचंद्र तो विशिष्ट डाव हरले होते. पण त्यांची सुरुवात हरली नव्हती.

यावरून आडवाट प्रत्येक वेळी राजमार्ग होते असे मात्र समजू नये. १९८० साली इंग्लंडच्या टोनी माइल्सने जगज्जेत्या कार्पॉव्हच्या पहिल्या खेळीला हत्तीपुढचे प्यादे एक घर सरकवून उत्तर दिले, सभागृहात हशा पिकला, आणि माइल्स तो डाव जिंकला. तरी ती खेळी म्हणून थोर झाली नाही. ग्रोबची खेळीही यंत्राच्या मते वाईटच आहे. वाईट खेळी चांगली म्हणवून घ्यावी, असा कोणाचा आग्रह नाही. प्रश्न एवढाच, की ती वाईट आहे हे आपण पडताळून म्हणतो, की पूर्वी कोणी म्हटले म्हणून म्हणतो?

आता मला एक कबुली द्यायची आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दूधविनायकला येत असे. काका आपल्या वडिलांकडून देशी पद्धतीचा खेळ शिकले होते. आमच्याशी ते आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळत, पण प्यादे एकेक घर सरकवीत आणि उंट कोपऱ्याशी बसवीत. पुढे मी शाळेच्या संघात निवडला गेलो, बुद्धिबळाची दोन पुस्तके पाठ केली, आणि एका सुट्टीत काकांना ओळीने सात डाव हरवले. "काका, तुमची सुरुवातच चुकीची आहे, पुस्तकात बघा," असे मी चौघांदेखत त्यांना म्हणालो. काका काही बोलले नाहीत. मात्र त्या वर्षानंतर त्यांनी माझ्यापुढे पट मांडला नाही, आणि मीही तो मागितला नाही. जोडडावांची ही पद्धत नातवाकडून ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले, की ते सातही डाव मी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलो होतो. धाकट्याला पांढरे द्यायचे, हा काकांचा रिवाज. मी त्यांच्या सुरुवातीला चुकीची म्हटले. पण त्या बाजूला स्वतः एकदाही बसलो नव्हतो.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी नातवाला काकांची मांडणी यंत्राला घालून द्यायला सांगितली. पांढऱ्याने मध्य घेतला आहे, काळ्याने उंट कोपऱ्याशी बसवून वजिरापुढचे प्यादे एकच घर सरकवले आहे, आणि आता पुढे खेळा. पांढऱ्याच्या पुढच्या पाच निरनिराळ्या खेळ्या घेऊन त्याने पाच जोड्या, म्हणजे दहा डाव लावले. आरंभीच यंत्राने आपला आकडा दाखवला: पांढऱ्याची सरशी आहे, पण एकाहून बरीच कमी. सकाळी काका गंगास्नान करून परतले तेव्हा निकाल तयार होता. चार जोड्यांतील आठही डाव बरोबरीत सुटले होते. एका जोडीत दोन्ही वेळा पांढरा जिंकला होता. दहा डावांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, असे नातू म्हणाला, आणि ते खरेच आहे. तरी एवढे म्हणता येत होते, की काकांची बाजू पडती होती, पण पडलेली नव्हती. सात डाव मी जिंकलो होतो, ते त्यांच्या सुरुवातीमुळे नव्हे. पुढे कोठेतरी ते चुकले होते, किंवा मी बरा खेळलो होतो. आणि यांतले खरे काय, हे तेव्हाही मला ठाऊक नव्हते.

मी हे काकांना सांगितले. मला वाटले होते, त्यांना बरोबरीचे आठ डाव पाहावेसे वाटतील. ते म्हणाले, "ते राहू दे. जे दोन हरले, ते दाखव." मग अर्धा तास ते पडद्यापुढे बसून राहिले. एका ठिकाणी त्यांनी नातवाला थांबवले आणि बोट ठेवून विचारले, "येथे घोडा मागे का नाही नेला?" नातवाने यंत्राला विचारले. यंत्राने घोडा मागे नेण्याच्या खेळीलाही जवळजवळ तेवढाच आकडा दिला. काकांनी मान हलवली आणि उठून फडताळातून जुना शिसवी पट काढला.

मोहरे मांडताना सवयीने मी पांढऱ्यांच्या बाजूला बसलो. काकांनी पट दोन्ही हातांनी उचलला, सावकाश फिरवला, आणि काळे मोहरे माझ्यासमोर आणले. "आता तू बस इकडे," ते म्हणाले, "आणि पुस्तकातले नको, माझे खेळ."

त्या डावाचा निकाल येथे सांगण्याचे कारण नाही. जोडीतला दुसरा डाव अजून व्हायचा आहे, आणि त्यासाठी मला पुन्हा काशीस गेले पाहिजे.